बिनचौकटीच्या चष्म्यात काच टिकते कशी?

"दादा, जरा घट्ट करून द्या ना, काच हलतेय."

चष्म्याच्या दुकानात हे वाक्य दिवसातून किती वेळा ऐकू येत असेल, कोण जाणे. काउंटरमागचा कारागीर चष्मा हातात घेतो, डोळ्यांजवळ नेऊन एकेक स्क्रू बघतो, बारीक स्क्रूड्रायव्हर लावतो आणि पाव फेरा देतो न देतो तोच थांबतो. गिऱ्हाईक म्हणतं, "अजून थोडं." तो म्हणतो, "अजून केलं तर काच जाईल."

मला हा संवाद बरीच वर्षं कळला नव्हता. स्क्रू घट्ट असला की वस्तू पक्की, हे आपलं घरगुती शास्त्र. त्याच शास्त्रानुसार एका रविवारी मी माझ्या पहिल्या रिमलेस, म्हणजे बिनचौकटीच्या, चष्म्याचा स्क्रू घरीच पिळला. पहिला पाव फेरा छान बसला. दुसऱ्याला 'टक्' असा आवाज आला आणि भोकापासून काचेच्या कडेपर्यंत केसाएवढी रेघ उमटली. चष्मा त्या क्षणी अगदी घट्ट होता, हे मात्र खरं.

घट्ट आणि पक्कं हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि रिमलेस चष्म्याचं सगळं तंत्र त्या दोन शब्दांमधल्या फटीत राहतं.

दुकानाच्या दाराशीच थांबू

हे तंत्र समजायला दुकानाच्या आत जायचीही गरज नाही. हल्ली बऱ्याच दुकानांना चौकट नसलेलं जाड काचेचं दार असतं. वरच्या-खालच्या कोपऱ्यांत स्टीलचे चौकोनी तुकडे, त्यांच्या आड काचेला पाडलेली भोकं किंवा खाचा, आणि स्टील व काच यांच्यामध्ये एक मऊ पट्टी. लाकडी खिडकीत काच पाहुण्यासारखी असते, घराचा भार चौकट वाहते. या दारात काच हेच दार. ढकलताना, ओढताना, वाऱ्याने आपटताना येणारा सगळा जोर काचेच्या त्या दोन-चार भोकांपाशी जमा होतो.

चष्म्याचंही तसंच आहे. नेहमीच्या फ्रेममध्ये काचेच्या कडेला छपरासारखी दोन्हीकडून उतरती धार काढतात, ती फ्रेमच्या खोबणीत बसते. काडी ओढली, चष्मा पडला, कुणी त्यावर बसलं, तर आधी मार खाते ती फ्रेम. रिमलेसमध्ये धातूचे तीनच तुकडे: दोन काड्या आणि नाकावरचा ब्रिज. म्हणून दुकानदार त्याला 'थ्री-पीस' म्हणतात. हे तीन तुकडे एकमेकांना कुठेच जोडलेले नसतात. त्यांना जोडते ती काच. म्हणजे जिच्यातून बघायचं, तिनेच सांगाड्याचंही काम करायचं.

(इथे 'काच' म्हणतोय ते सवयीने. आजची चष्म्याची काच बहुतेक वेळा प्लास्टिकची असते. पण 'चष्म्याचं प्लास्टिक बदलायचंय' असं कोणी म्हणत नाही, तेव्हा मीही काचच म्हणणार.)

भोकाचं गणित

कापडाच्या दुकानात माणूस कापड फाडताना आधी कात्रीने छोटीशी चीर देतो आणि मग सर्रकन फाडतो. चीर नसेल तर तेच कापड दोन हातांनी ओढूनही फाटत नाही. सगळी ओढ त्या चिरेच्या टोकाशी गोळा होते, म्हणून ते फाटतं.

भोकाचंही हेच होतं, आणि ते किती होतं याचं गणित १८९८ साली गुस्ताव कर्श या जर्मन अभियंत्याने मांडलं. रुंद पत्रा ताणला आणि त्यात गोल भोक असेल, तर भोकाच्या काठावरचा ताण बाकी पत्र्यातल्या ताणाच्या तिप्पट होतो. भोक लहान पाडलं म्हणून ही तिप्पट कमी होत नाही. शिवाय हा हिशेब कडेपासून लांब असलेल्या गुळगुळीत भोकाचा. भोक कडेजवळ असेल, तर मधल्या चिंचोळ्या पट्टीवर भार आणखी वाढतो. भोकाच्या काठावर ड्रिलने एखादा टवका उडवलेला असेल, तर ती झाली कापडवाल्याची चीर.

म्हणून चांगला कारागीर भोक पाडून झाल्यावर लगेच स्क्रू घालत नाही. दोन्ही बाजूंनी भोकाचा काठ हलकेच तासून घेतो, तीक्ष्ण कोपरा मोडतो. हे काम काही सेकंदांचं असतं, बाहेरून दिसत नाही, त्याचे वेगळे पैसे कोणी देत नाही, आणि काच दोन वर्षं टिकणार की दोन महिने, यात त्याचा वाटा मोठा असतो. ड्रिल एकाच बाजूने दाबून आरपार काढलं तर निघतानाच्या बाजूला टवका उडण्याचा धोका जास्त. त्यामुळे शेवटचा टप्पा हळू घ्यायचा किंवा दुसऱ्या बाजूने पुरा करायचा.

आता या भोकावर जोर येतो किती? काडीची लांबी साधारण १४० मिलिमीटर. तिच्या मुळाशी असलेला धातूचा तुकडा काचेच्या कडेला टेकलेला, आणि स्क्रू कडेपासून तीन-साडेतीन मिलिमीटर आत. चष्मा एका हाताने ओढून काढला की काडी बाहेर फाकते. बिजागरी जिथे थांबायची तिथे थांबते, आणि पुढची ओढ थेट काचेवर जाते. काडीच्या टोकाला १०० ग्रॅमचा, म्हणजे एखाद्या मध्यम टोमॅटोच्या वजनाएवढा जोर लावला, तरी १४० भागिले साडेतीन, म्हणजे चाळीस पट. स्क्रूपाशी चार किलो! पहारीने दगड उलथवतो तोच हा हिशेब, फक्त इथे दगडाच्या जागी आपली काच.

'चष्मा दोन हातांनी काढा' असं दुकानदार सांगतो तेव्हा तो शिस्तीचा पाठ वाटतो. खरं तर तो या भागाकाराचा निष्कर्ष असतो.

काडी आली आणि पंचाईत झाली

बिनचौकटीचे चष्मे आजकालचे नाहीत. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांची छायाचित्रं पाहा. नाकावर चिमट्यासारखा बसणारा चष्मा, आणि काचेभोवती चौकट नाही. त्या काळी काच खरीखुरी काच होती, ठिसूळ, आणि तरी चालून जायचं. कारण सोपं आहे: त्या चष्म्याला काड्याच नव्हत्या. काडी नाही म्हणजे पहार नाही. भोकांवर भार होता तो फक्त काचेच्या वजनाचा आणि नाकावरच्या चिमट्याचा.

काड्या आल्यावर मात्र उपाय शोधावा लागला. १९३० च्या दशकात अमेरिकन ऑप्टिकल कंपनीने 'न्यूमाँट' नावाचा प्रकार आणला. त्यात काचेला भोक एकच, तेही नाकाकडे. काडी काचेला जोडलेलीच नाही. काचेच्या वरच्या कडेमागून धातूची एक बारीक तार जाते, काडी त्या तारेला लागते. समोरून चष्मा बिनचौकटीचा दिसतो आणि काडीची ओढ तार घेते. मला स्वतःला हा उपाय आजच्या बऱ्याच डिझाइनांपेक्षा हुशार वाटतो.

पुढे वाट बदलली ती धातूमुळे. जपानमधल्या फुकुई प्रांतातलं साबाए हे चष्म्यांच्या फ्रेमचं गाव. तिथे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला टायटॅनियमच्या फ्रेम बनू लागल्या. हलका आणि लवचीक धातू मिळाल्यावर काडीच थोडी वाकून ओढ पचवू लागली. १९९९ मध्ये ऑस्ट्रियाच्या सिल्हूएट कंपनीने स्क्रूही नाही आणि बिजागरीही नाही असा चष्मा काढला, वजन १.८ ग्रॅम. ज्या काडीला बिजागरीपाशी अडून बसायचं नाही, ती काचेला उचकटतही कमी.

स्क्रू, पाचर आणि एका खिळ्यावरचा फोटो

आज दुकानात प्रामुख्याने दोन रीती दिसतात. पहिली स्क्रू-नटाची. स्क्रूची जाडी सव्वा-दीड मिलिमीटरच्या घरातली. तो काचेच्या भोकातून आरपार जातो, मागे नट. धातू आणि काच यांच्यामध्ये प्लास्टिकचा वायसर, आणि नीट काम केलेलं असेल तर भोकाच्या आतही प्लास्टिकची बारीक नळी. वायसर जोर एका बिंदूवर न ठेवता पसरवतो. नळी स्क्रूचे आटे काचेपासून दूर ठेवते. ती नसेल तर आटे रोजच्या हालचालीत करवतीसारखे भोकाला खातात, भोक लंबुळकं होतं, आणि मग कितीही पिळा, काच हलतच राहते. दाराच्या स्टीलमागची मऊ पट्टी आठवा. काम तेच.

दुसरी रीत पाचरीची. कुदळीचा दांडा सैल झाला की आपण त्यात लाकडाची पाचर ठोकतो, स्क्रू मारत नाही. इथे काचेला शेजारी शेजारी दोन भोकं असतात. त्यांत प्लास्टिकच्या दोन नळ्या बसवतात आणि काडीचे दोन बारीक दात त्या नळ्यांमध्ये चिमट्याने दाबून घालतात. नळी दबते, फुगते आणि भोकाला चारी बाजूंनी सारखी धरते. स्क्रूचा जोर काचेला पुढून-मागून आवळतो, पाचरीचा जोर भोकाला आतून बाहेर ढकलतो. या रीतीत सैल व्हायला नटच नाही, ही मोठी सोय. अडचण अशी की ती सैल झाली तर पिळायलाही काही नाही. नळ्या काढून नव्या घालाव्या लागतात. जुनी नळी परत वापरणं म्हणजे चेपलेली पाचर परत ठोकणं.

तिसराही प्रकार लोक रिमलेसमध्येच मोजतात, वर फ्रेम आणि खाली नायलॉनचा दोरा. दुकानात त्याला 'सुप्रा' म्हणतात. तिथे भोक नाही, काचेच्या कडेत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची खाच, आणि दोऱ्याचा ताण. दोरा जुना झाला की सैल पडतो, बदलायला पाच-दहा मिनिटं. त्याची कथा वेगळी आणि सोपी, म्हणून इथेच सोडतो.

स्क्रू असो वा पाचर, एक प्रश्न उरतो. भिंतीवर एकाच खिळ्याला टांगलेला फोटो आज ना उद्या तिरका होतो. एकाच भोकात धरलेली काचही तशीच फिरते, आणि स्क्रू पिळून ते फिरणं थोपवायला गेलं तर काच तडकते. मी नेमकं तेच केलं होतं. फिरणं थांबवायला दुसरा आधार लागतो. पाचरीच्या रीतीत दुसरं भोक ते काम करतं. स्क्रूच्या रीतीत काचेच्या कडेला छोटी खाच पाडून त्यात धातूचा दात बसवतात, किंवा धातूचा तुकडा कडेला असा टेकवतात की काचेला वळायला जागाच राहत नाही. माझ्या त्या चष्म्यात हा तुकडा आणि काचेची कड यांच्यात बारीक फट होती. रोग फटीचा होता, आणि मी औषध स्क्रूला पाजत होतो.

काच थोडी फिरली तर बिघडतं काय? साधा गोल नंबर असेल तर फारसं नाही. पण चष्म्याच्या चिठ्ठीवर 'सिलिंडर' (एकाच दिशेला लागणारा नंबर) आणि 'ॲक्सिस' (त्या दिशेचा कोन) असे रकाने भरलेले असतील, तर बिघडतं. सिलिंडर २.०० असलेली काच फक्त ५ अंशांनी फिरली, तरी साधारण ०.३५ चा चुकीचा सिलिंडर डोळ्यापुढे उभा राहतो. ३० अंश फिरली, तर जेवढा दोष घालवायला काच केली तेवढाच नवा दोष तयार होतो. रिमलेस घालणाऱ्याला संध्याकाळी डोकं जड वाटत असेल, तर नंबर परत तपासण्याआधी काच फिरली आहे का, ते बघायला दोन मिनिटं पुरतात.

कोणत्या काचेला भोक सोसतं

हा निर्णय ऑर्डर देतानाच होतो. नंतर कारागिराच्या हातात काही राहत नाही.

दुकानात 'सीआर' म्हणतात ती सीआर-३९ ही जुनी आणि स्वस्त प्लास्टिक काच. दिसायला उत्तम, पण भोकाच्या काठाशी ठिसूळ. फ्रेममध्ये ती आयुष्यभर साथ देईल, रिमलेसमध्ये तिच्याकडून अपेक्षा ठेवू नये. 'पॉली' म्हणजे पॉलिकार्बोनेट. आघात सोसण्यात हिचा हात धरणारी फारशी नाही. लहान मुलांना आणि कारखान्यात ती देतात ते म्हणूनच. रिमलेसलाही चालते, पण तिचं एक गुपित आहे: ताणाखाली असताना तिला रसायनं सोसत नाहीत. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन किंवा गॅरेजमध्ये नट सुटू नये म्हणून आट्यांना लावतात तो लॉकिंगचा द्रव भोकापाशी लागला, तर काही काळाने भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा दिसू लागतात. स्क्रू सुटू नये म्हणून लावलेलं औषध काचच सोडवतं. घरातला झटपट चिकटणारा गोंद तर कुठल्याच काचेपाशी नको. त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढरी साय धरते.

भोकासाठी खास चांगल्या म्हणाव्यात अशा दोन. एक ट्रायव्हेक्स, पीपीजी कंपनीने २००१ मध्ये चष्म्यासाठी आणलेली. तिचा घन सेंटिमीटर १.११ ग्रॅमचा, पाण्यापेक्षा जेमतेम जड, आणि भोकाशी चिवट. दुसरी जपानच्या मित्सुई केमिकल्सची एमआर-८. हिचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याची क्षमता, १.६०, त्यामुळे ती पातळ होते आणि ड्रिलही सोसते. बहुतेक नंबरांना मी हिचंच नाव घेईन.

नंबराचाही इथे हात असतो. वजा नंबराची काच मध्ये पातळ, कडेला जाड. वजा ६ चा नंबर, १.६० ची काच, रुंदी ५० मिलिमीटर असेल, तर कड मध्यापेक्षा तीन मिलिमीटरच्या आसपास जाड होते. भोकाला भक्कम जागा मिळते, पण स्क्रू लांब लागतो आणि जाड कड बाजूने दिसते. अधिक नंबराचं उलटं. काच मध्ये फुगीर आणि कडेला, म्हणजे नेमकी भोकाच्या जागी, पातळ. कड दोनेक मिलिमीटर तरी राहावी म्हणून काच घासण्याआधीच लॅबला सांगावं लागतं, आणि मग सगळीच काच थोडी जाड येते. रिमलेस हवाय हे काच तयार झाल्यावर सांगितलं, तर कोणाचाच इलाज नाही.

नीट बसवलेला चष्माही का सैल होतो

स्क्रू आपोआप का सुटतात, यावर गेरहार्ट युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवून दिलं की खरा शत्रू आडवी हालचाल असते. स्क्रूच्या लांबीच्या दिशेने ओढलं तर तो बराच काळ टिकतो. आडवं, इकडून तिकडे हलवत राहिलं, की आटे क्षणभर घसरतात आणि स्क्रू प्रत्येक वेळी कणभर मागे फिरतो. काडी उघडणं-मिटणं म्हणजे रोजची हीच कसरत.

दुसरं कारण प्लास्टिकचा स्वभाव. सतत दाबून ठेवलं की ते हळूहळू दबतं. वायसर महिन्याभरात किंचित चपटा होतो आणि स्क्रू न फिरताही पकड कमी होते. नवा चष्मा महिन्याभराने परत दाखवायला सांगतात ते यासाठी.

तिसरं ऊन. पॉलिकार्बोनेट उष्णतेने टायटॅनियमच्या सात-आठ पट प्रसरण पावतं. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर चष्मा ठेवला, की काच फुगायला बघते आणि धातू जागचा हलत नाही. त्यांची ती झटापट भोकाच्या काठावर होते. संध्याकाळी सगळं पूर्ववत दिसतं, पण वायसर मध्ये चेपून गेलेला असतो.

सैल झालाय का, हे घरी कळतं. काड्या उघडून चष्मा सपाट टेबलावर उलटा ठेवा. दोन्ही काचांच्या वरच्या कडा आणि दोन्ही काड्या टेकल्या पाहिजेत. एखादी काडी अधांतरी राहिली, तर कुठेतरी काही तरी वळलं आहे. मग ब्रिज एका हाताने आणि काच दुसऱ्या हाताने हलकेच धरून बघा, किंचितही 'टिकटिक' जाणवली तर दुकान गाठा, आणि 'घट्ट करा' म्हणू नका. 'हलतंय कुठून ते बघा' म्हणा. वायसर बदलायचाय, नळी बदलायचीय, की कडेची फट मिटवायचीय, हे त्यावरून ठरतं.

आणि काच जास्त आवळली गेली आहे का, हेही दिसतं. हा ताण एरवी अदृश्य असतो. लॅपटॉपचा पडदा पूर्ण पांढरा करा. पोलराइज्ड गॉगल डोळ्यांवर लावून मान तिरकी करत जा, एका कोनात पडदा काळा होतो. तसंच थांबा आणि रिमलेस चष्मा पडदा व गॉगल यांच्या मधे धरा. जिथे काचेत ताण आहे, तिथे अंधारात उजेड किंवा रंग उमटतात. पॉलीची काच मुळातच बरीच रंगीत दिसते, त्याने घाबरू नये. एमआर-८ सारखी काच मात्र बरीचशी काळी राहते आणि भोकांभोवतीचंच काय ते दिसतं. काल रात्री मी माझा चष्मा असा धरला. तीन भोकांभोवती जवळपास काही नव्हतं. चौथ्याभोवती, नाकाकडे उजवीकडे, चार पाकळ्यांचं एक छोटं पांढरं फूल दिसलं. रविवारी दुकानात जाऊन तो नट पाव फेरा सैल करून घेणार आहे.